पाणवठ्याकाठचा मुक्काम
सदर : प्रवास आणि परिवार



पर्युषण सरले आणि क्षमापनेचा व्यवहार पूर्ण झाला, की व्यापारी घरांत दोन बेत एकदम सुरू होतात. एक दिवाळीच्या मालाचा आणि दुसरा दिवाळीनंतरच्या प्रवासाचा. वहीपूजन आटोपते, लाभपंचमीला दुकान पुन्हा उघडावयाचे असते. मधल्या तीन-चार दिवसांत घरातील लहानथोरांनी मिळून कोठे तरी जाऊन यावे, अशी रीत आता बहुतेक ठिकाणी रुळली आहे. मागील पिढीत हा प्रवास तीर्थक्षेत्रापुरता असे. आजची मुले अरण्य मागतात, आणि अरण्यातही पाण्याकाठची जागा मागतात. तळ्याकडे दार असलेली कवेलूंची कुटी, नदीकाठचा तंबू, धरणाच्या फुगवट्यावर उभारलेले लाकडी घर, अशी छायाचित्रे भ्रमणध्वनीवर पाहून मुक्काम ठरतात.

चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे अशा मुक्कामासाठी महाराष्ट्रात सर्वांत समृद्ध होत. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत तर हा एकच जिल्हा होता. येथे पाण्याचे चार प्रकार भेटतात : धरणाचा फुगवटा, अरण्यातील नैसर्गिक तळे, गावकऱ्यांनी बांधलेले तलाव आणि मोठ्या नद्या. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, ऋतू वेगळा आणि त्यावर हक्क सांगणारेही वेगळे. पाण्याकाठी खोली घेताना तिचे भाडे आपण विचारतो. समोरचे पाणी कोठून आले व कोणाच्या उपयोगाचे आहे, हे सहसा विचारत नाही. या लेखात ती विचारणा करावयाची आहे.

इरईचे पाणी

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे सर्वांत परिचित प्रवेशद्वार मोहर्ली. चंद्रपूरपासून सुमारे तीस किलोमीटरवरील हे गाव इरई धरणाच्या फुगवट्यालगत आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान येथे पाण्याच्या बाजूला आहे; वनविकास महामंडळाचेही निवास आहे; शिवाय खाजगी निवास अनेक झाले आहेत आणि गावातील काही घरांत पाहुण्यांची सोयही होते. नागपूरहून येणाऱ्यांना वाटेत भद्रावती लागते. तेथील श्री पार्श्वनाथ तीर्थाचे दर्शन, धर्मशाळा आणि भोजनशाळा या त्रयीमुळे आपल्या वाचकांपैकी अनेकांचा पहिला थांबा तोच असतो. भद्रावतीहून मोहर्लीकडे वळता येते, हे ज्येष्ठांना घेऊन निघणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. दुपारचे जेवण तेथे उरकून पुढे गेल्यास दिवस मोडत नाही.

मोहर्लीच्या काठावर सकाळी बसले, की समोर अथांग पाणी दिसते. हिवाळ्यात त्यावर अडईंचे थवे उतरतात, पाणकावळे पंख पसरून वाळलेल्या खोडांवर बसतात, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही दिसतात. हे पाणी निसर्गाने येथे ठेवलेले नाही. इरई ही वर्धा नदीला मिळणारी नदी. तिच्यावरील धरणाचे पाणी मुख्यतः चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रासाठी आणि शहराच्या नळांसाठी राखलेले आहे. ज्या उन्हाळ्यात ते फार खालावले, त्या उन्हाळ्यात वीजकेंद्राचे संच बंद ठेवण्याची वेळ आलेली आहे. आपल्या दुकानातील दिवा, पिठाची गिरणी आणि घरातील वातानुकूलन यंत्र यांचा एक धागा या शांत जलाशयापर्यंत पोहोचतो. मुलांना जंगल दाखवावयास आणलेच आहे, तर हेही सांगावे. वीज कोळशापासून होते हे त्यांना पाठ असते. तिला पाणीही तितकेच लागते, हे येथे काठावर उभे राहिल्यावर समजते.

फुगवट्याकाठच्या मुक्कामाबाबत एक व्यावहारिक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. धरणाचे पाणी वर्षभर एका रेषेत राहत नाही. ऑक्टोबर ते जानेवारी ते काठोकाठ असते. एप्रिल-मे महिन्यांत, चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर चढलेला असतो तेव्हा, पाणी दूरवर सरकते आणि खोलीसमोर भेगाळलेला गाळ उरतो. वाघ पाहण्याची शक्यता उन्हाळ्यात अधिक, कारण तहानलेले जनावर पाणवठ्यावर येतेच. परंतु पाण्याकाठी राहण्याचे सुख हिवाळ्यातच. दोन्ही एका फेरीत साधत नाहीत. लहान मुले आणि वयोवृद्ध बरोबर असतील, तर कार्तिक ते माघ हा काळ निवडावा.

तळे, ज्याच्या काठी राहता येत नाही

प्रकल्पाला ज्याचे नाव मिळाले, ते ताडोबाचे तळे अरण्याच्या गाभ्यात आहे. त्याच्या काठावर एका जुन्या वृक्षाखाली तारू या गोंड प्रमुखाचे स्थान आहे. वाघाशी झुंजताना त्याला मरण आले आणि पुढे तो देवपदास पोहोचला, अशी परिसरातील आदिवासींची श्रद्धा आहे. तारूवरूनच ताडोबा हे नाव रूढ झाले असे मानतात, आणि पौष महिन्यात येथे त्याची जत्रा भरत आली आहे. तळ्यात मगरी आहेत. पलीकडच्या काठाला सांबर पाण्यात गुडघाभर उतरून पाणवनस्पती खाताना दिसते, आणि कमळपक्षी पानांवरून चालत असतात.

१९५५ मध्ये ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले, आणि १९९५ च्या सुमारास दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि भोवतालचे बफर क्षेत्र सुमारे १,१०० चौरस किलोमीटर आहे. एके काळी या तळ्याजवळच्या वन विश्रामगृहात पर्यटकांना मुक्काम करता येत असे. ज्यांनी तो अनुभव घेतला, त्या पिढीतील लोक आजही त्या रात्रींचे वर्णन करतात. आता ते शक्य नाही. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटनावर अंतरिम बंदी घातली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाल्यावर ती उठली. त्या तत्त्वांनुसार गाभ्यात पर्यटकांसाठी नवे बांधकाम करता येत नाही आणि पर्यटन गाभ्याच्या एक पंचमांशाहून अधिक भागात पसरू देता येत नाही. परिणामी सर्व निवास सीमेवर आणि बफरमध्ये आले. तळे पाहून परतावे, त्याच्याजवळ झोपू नये, असा हा नियम आहे.

हा नियम काहींना जाचक वाटतो. व्यापाऱ्याला मात्र त्यातील तर्क लवकर उमगावा. मुद्दल तिजोरीत आणि व्याज व्यवहारात, हीच पेढीची जुनी शिस्त. गाभ्यातील तळे हे मुद्दल आहे. बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारख्या गाभ्यातील गावांनी आपली घरे सोडून बाहेर वसाहत केली, तेव्हा त्या पाण्यावरचा आपला वापर त्यांनी सोडून दिला. ज्यांच्या पिढ्या तेथे गेल्या ते बाहेर गेले असताना दोन रात्रींच्या पाहुण्याने आत राहण्याचा आग्रह धरणे शोभत नाही.

आणखी एक साम्य आपल्या वाचकांना आवडेल. गाभा क्षेत्र दरवर्षी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. वाटा चिखलाने भरतात, नाले वाहू लागतात, प्राण्यांना व रोपांना उसंत हवी असते. पावसाळ्यात असंख्य जीव भूमीवर येतात म्हणून आपले साधू-साध्वी विहार थांबवतात, तो विचार आणि हा नियम एकमेकांच्या फार जवळचे आहेत. आठवड्यातून मंगळवारीही उद्यान बंद असते. आरक्षण करताना तो वार टाळावा.

मामा तलाव

पूर्व विदर्भात पाण्याकाठची खरी वस्ती तलावांच्या पाळीवर आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने उतार, नाले आणि माती यांचा बारकाईने अंदाज घेऊन ते बांधले आणि त्यांवर भात व ऊस पिकवला. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले आणि त्यांचे नाव माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच बोलीतले मामा तलाव, असे पडले. मालकी बदलली, तरी गुरांना पाणी पाजणे, भाताला पाणी घेणे, मासे धरणे हे गावाचे निस्ताराचे हक्क त्यांना चिकटून राहिले. ढीवर कुटुंबांचे पोट या पाण्यावर आहे. आपला आहारधर्म वेगळा असला, तरी त्यांच्या उपजीविकेकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही; तलावाचा गाळ आणि त्याची पाळ यांची माहिती त्यांच्याइतकी कोणालाही नसते.

चंद्रपूरजवळचा जुनोना तलाव, नागभीड तालुक्यातील घोडाझरी आणि सावली तालुक्यातील आसोलामेंढा ही याच परिसरातील मोठी नावे. घोडाझरी व आसोलामेंढा हे जलाशय इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंचनासाठी झाले. घोडाझरीच्या तिन्ही बाजूंना टेकड्या असून भोवतालचे अरण्य २०१८ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. पावसाळ्याच्या अखेरीस सांडव्यावरून पाणी वाहू लागले, की नागपूर-चंद्रपूरकडील लोकांची येथे रीघ लागते. गर्दी टाळावयाची असेल तर रविवार आणि सणाचे दिवस वगळावेत.

या तलावांकाठी उतरणाऱ्यांनी दोन सावधगिऱ्या पाळाव्यात. पहिली, पाण्यात उतरू नये. बांधलेल्या जलाशयाचा तळ वरून सपाट भासतो. प्रत्यक्षात जुना नाला, मातीसाठी खणलेले खड्डे आणि गाळ यांमुळे एका पावलावर गुडघाभर तर दुसऱ्या पावलावर डोक्याएवढे पाणी असते. पोहता येणारी तरुण मुलेच अशा ठिकाणी अधिक फसतात, कारण ती बिनधास्त असतात. दुसरी, काठावरची वाट अडवू नये. ज्या उतारावर आपण खुर्च्या मांडतो, तीच अनेकदा गावच्या गुरांची पाण्यावर येण्याची वाट असते. निवासमालकाने तेथे कुंपण घातले असेल, तर गुरे कोठून जातात, हे त्याला विचारावे. ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाला बाजारात किती वजन असते, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

गडचिरोलीच्या नद्या

गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. येथे काच लावलेल्या खोल्या आणि सजवलेले तंबू फार नाहीत. मुक्काम बहुधा वन विश्रामगृह, शासकीय विश्रामगृह किंवा तालुक्याच्या गावातील साधे निवास यांतच करावा लागतो. जाडजूड भिंती, उंच छत, रुंद ओसरी आणि समोर साग किंवा मोह, असे त्यांचे रूप असते. खानसामा असेलच असे नाही. असल्यास त्याला शिधा आणून द्यावा लागतो. ज्यांना सोयींची सवय आहे त्यांना हे अवघड वाटेल. ज्यांना शांतता हवी आहे त्यांना मात्र असा निवारा अन्यत्र मिळणे कठीण.

नद्यांचे वैभव येथे अतुलनीय आहे. चामोर्शी तालुक्यात मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि तिच्या काठी प्राचीन शिल्पमंदिरांचा समूह आहे. पुढे चपराळा अभयारण्याजवळ वर्धा व वैनगंगा एकत्र येतात आणि प्राणहिता हे नाव धारण करतात. प्राणहिता दक्षिणेकडे वाहत सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. आज राज्याच्या टोकाला गेलेले सिरोंचा एकोणिसाव्या शतकात अप्पर गोदावरी या जिल्ह्याचे मुख्यालय होते. पूर्वेला भामरागड येथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा त्रिवेणी संगम आहे. संगमापासून जवळच हेमलकसा. तेथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांच्या आरोग्यासाठी व शिक्षणासाठी आयुष्य वेचले. ते रुग्णालय आणि शाळेचे ठिकाण आहे, सहलीचे नव्हे. जावयाचे तर पूर्वसूचना देऊन, तेथील वेळा सांभाळून जावे.

भामरागडच्या वाटेवर आलापल्ली लागते. सागवानाचा व्यापार करणाऱ्या घरांना हे नाव परिचित असणारच; बल्लारपूरच्या आगारातील सागाची कीर्ती देशभर आहे, आणि अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये साग येथूनच गेला. आलापल्लीजवळ 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' नावाने सुमारे ६ हेक्टरांचा जुना सागवनाचा तुकडा न तोडता राखला आहे. २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. ज्या झाडाचा घनफुटाचा भाव आपण जाणतो, ते झाड न तोडता वाढू दिले तर केवढे होते, हे तेथे मान वर करून पाहावे.

तेंदूपान आणि बांबू यांचा व्यवहार करणाऱ्यांनी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गावही पाहावे. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून त्याने आपला बांबू स्वतः विकला. आज जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात. ज्या व्यापाऱ्याला पूर्वी खात्याच्या कचेरीत जावे लागे, त्याला आता गावाच्या सभेसमोर बसावे लागते. अशा गावी पाहुणा म्हणून एक दिवस काढलेला असला, तर पुढचे सौदे वेगळ्या मोकळेपणाने होतात.

या जिल्ह्यात प्रवासापूर्वी चौकशी आवश्यक आहे. नक्षलवादाच्या दीर्घ छायेतून जिल्हा बाहेर येत आहे. तरीही आतील रस्त्यांची स्थिती स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्यावी आणि अंधार पडल्यावर प्रवास करू नये. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो. पावसानंतर काही महिने हिवतापाचा धोका असतो. मच्छरदाणी बरोबर ठेवावी आणि परतल्यावर ताप आल्यास वैद्यांना आपण कोठे गेलो होतो ते आवर्जून सांगावे. २०२१ पासून छत्तीसगडकडून रानहत्तीही येऊ लागले आहेत. ते दिसल्याची वार्ता असेल त्या बाजूस जाऊ नये.

मुक्काम आणि आपली दिनचर्या

आमच्या आहाराचे जंगलात कसे होणार, ही शंका पुष्कळ भगिनींच्या मनात असते. विचार केल्यास अरण्याची दिनचर्या आपल्या दिनचर्येशी बरीच जुळते. तेथेही सूर्याबरोबर उठणे आणि अंधाराबरोबर आवरणे हाच क्रम आहे. अडचण एवढीच, की दुपारची सफारी सूर्यास्ताच्या सुमारास संपते आणि निवासातील रात्रीचे जेवण आठ-साडेआठला लागते. चौविहार पाळणाऱ्यांनी फक्त सकाळची फेरी घ्यावी, किंवा दुपारच्या फेरीला निघण्यापूर्वीच दिवसाचे अखेरचे भोजन उरकावे. उद्यानात ठरवून दिलेल्या जागेखेरीज काही खाता येत नाही, त्यामुळे वाहनात बसून सूर्यास्तापूर्वी खाऊन घेऊ, असा बेत आखू नये. सकाळच्या फेरीत नवकारशीनंतर त्या ठरलेल्या थांब्यावर डबा उघडता येतो.

कंदमुळे वर्ज्य असल्याचे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. केवळ 'जैन जेवण' एवढे शब्द पुरत नाहीत. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आले यांची नावे घालून सांगितले, की गावातील स्वयंपाकीण नेमके समजते. वरण, भात, पोळी, वांग्याची वा वालाची भाजी, भाकरी आणि ताक हा या प्रदेशातील नित्याचा आहार आहे. भात तर येथलाच असतो. अनेक निवासांत सामिष स्वयंपाकही होतो. भांडी वेगळी असावीत असा आग्रह असल्यास आधी विचारावे, अथवा दोन पातेली आणि एक कढई घरूनच न्यावी. ताटात आल्यावर तक्रार करण्यापेक्षा हे बरे. त्यात समोरच्याचाही अपमान होत नाही.

पाण्याविषयी आपल्याकडे एक सुंदर रीत आहे. जुन्या घरांत विहिरीचे पाणी गाळून घेतल्यावर गाळण्यात राहिलेले जीव अलगद त्याच विहिरीत परत सोडत. दुसऱ्या पाण्यात टाकत नसत, कारण ते तेथे जगणार नाहीत. जिवाणीची ही काळजी पाणवठ्याकाठी राहताना जशीच्या तशी लागू पडते. साबणाचे पाणी, प्लॅस्टिकची बाटली, खाखऱ्याचे वेष्टन, पूजेची फुले, यांपैकी काहीही त्या पाण्याचे नाही. म्हणून ते त्यात जाता कामा नये. उकळलेले पाणी पिणाऱ्यांनी स्टीलचे तांबे बरोबर ठेवावेत. माकडांना आणि माशांना खाऊ घालणे हे पुण्य समजून काही मंडळी शेंगदाणे, कुरमुरे टाकतात. दयेपोटी केलेल्या या कृतीने माकडे माणसाच्या अंगावर येऊ लागतात आणि शेवटी पकडून हलवली जातात. येथे काही न देणे हीच जीवदया.

रात्रीचा पाणवठा

वैशाखातील बुद्धपौर्णिमेला वनखाते बफर क्षेत्रात मचाणावरून पाणवठ्यांवरील प्राण्यांची नोंद करण्याची संधी नागरिकांना देते. पौर्णिमा यासाठी, की दिव्याशिवाय दिसावे. वैशाख यासाठी, की इतर पाणी आटल्याने प्राणी मोजक्याच पाणवठ्यांवर येतात. सायंकाळी मचाणावर चढावयाचे आणि सकाळी उतरावयाचे. बोलावयाचे नाही, अत्तर लावावयाचे नाही, विजेरी लावावयाची नाही. प्रथम चितळांचा कळप येतो आणि बराच वेळ पाण्यापासून दूर थबकतो. एक मादी पुढे होते, कान फिरवते, मागे येते. पाणी पिण्यास त्यांना जेमतेम दोन मिनिटे लागतात. त्याआधी अर्धा तास भीतीत जातो. रानडुक्कर, अस्वल, साळिंदर, क्वचित बिबट किंवा वाघ, सर्व एकाच पाण्यावर वेगवेगळ्या वेळी येतात. पाण्याकाठच्या मुक्कामाचा मूळ अर्थ या एका रात्रीत समजतो. लहान मुलांसाठी ती रात्र नाही. तरुणांनी मात्र एकदा अवश्य अनुभवावी.

ती भीती एकदा पाहिली, की पुढचा मुद्दा सांगणे सोपे होते. अलीकडे पाण्याकाठच्या निवासांत विवाह, संगीत आणि वाढदिवसाचे समारंभ होऊ लागले आहेत, आणि त्यांत आपल्या समाजाचा वाटा लहान नाही. पाण्यावरून आवाज फार दूर जातो. रात्री पाण्यालगतची हवा थंड व वरची उबदार असते. त्यामुळे ध्वनी वर न जाता पुन्हा खाली वळतो आणि पलीकडच्या काठापर्यंत पोहोचतो. आपल्याकडील दोन तासांच्या गाण्याने त्या काठावरचा कळप पाण्यापर्यंत येतच नाही. उन्हाळ्यातील एक रात्र पाणी न मिळालेली हरिणी दुसऱ्या रात्री अधिक धाडस करते, किंवा गावाजवळच्या पाण्याकडे वळते, आणि तिच्यामागे वाघही वळतो. चंद्रपूरच्या गावांत पहाटे मोहफुले व तेंदूपाने वेचावयास जाणाऱ्या स्त्रियांवर वाघाचे हल्ले दर उन्हाळ्यात होतात. प्रत्येक हल्ल्याचे कारण आपला समारंभ नसतो, हे खरे. तरीही ज्या अरण्यात माणूस आणि जनावर यांच्यातील अंतर आधीच इतके कमी उरले आहे, तेथे ते आणखी कमी करणारी प्रत्येक गोष्ट जपून करावी लागते.

म्हणून समाजातील ज्येष्ठांना आणि यजमान कुटुंबांना नम्र विनंती आहे. मंगलकार्य शहरात करावे, भद्रावतीसारख्या तीर्थस्थानी साधेपणाने करावे. पाणवठ्याकाठी करू नये. तेथे जावयाचे तर घरातील आठ-दहा माणसांनी जावे. खोली निवडताना पाण्यापासून थोडी मागे असलेली, बाहेर प्रखर दिवे नसलेली निवडावी. गावातल्या घरी उतरता आले तर उत्तम. दिलेले पैसे त्याच पाळीवर राहणाऱ्यांच्या हाती पडतात आणि तलाव राखण्यात त्यांना स्वारस्य राहते. मोहर्ली, कोलारा या भागांत वाटाड्या म्हणून काम करणाऱ्यांत स्थानिक तरुण-तरुणी आहेत. त्यांना वाघ दाखव म्हणून घाई करू नये. झाडे, पाऊलखुणा, पाणी यांविषयी विचारावे. ताडोब्याच्या सफारीत भ्रमणध्वनी नेता येत नाही, ही तर मुलांसाठी मोठीच सोय समजावी.

सायंकाळी प्रतिक्रमण आटोपल्यावर दिवे मंद करून सर्वांनी ओसरीवर अर्धा तास मौन बसून पाहावे. आजोबांपासून नातवापर्यंत कोणीही बोलावयाचे नाही. आधी रातव्याची टकटक ऐकू येते, मग पाण्यावरची हालचाल, मग दूर कोठे तरी सांबराचा एकच ठसठशीत आवाज. वर्षभर गिऱ्हाइकांच्या बोलण्यात गेलेल्या कानांना इतके ऐकू येऊ शकते, हे अनेकांना त्या वेळी प्रथमच कळते. लाभपंचमीला दुकान उघडताना बरोबर आणण्यासारखी याहून मोठी वस्तू त्या काठावर नाही, आणि ती आणल्याने तेथले काही उणेही होत नाही.

जय जिनेंद्र.